हुकावरचं वजन : आमच्या ट्रॉलीच्या कामाच्या नोंदी, हंगाम २०२४-२५

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

गेल्या मार्चमध्ये ऊस कारखान्याला नेताना ओढ्याच्या चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं, तेव्हापासून ट्रॉलीचं किती वजन ट्रॅक्टरच्या हुकावर बसतं ते मोजायचं काम डोक्यात आहे. पुढची चाकं रस्त्यापासून वीतभर वर गेली होती. स्टेअरिंग फिरवून उपयोग नव्हता. ड्रायव्हर मामांनी क्लच आणि ब्रेक एकदम दाबले, तोंड दाणकन खाली आलं आणि मागच्या बैलगाडीवाल्याने पळत येऊन ट्रॉलीच्या चाकामागं दगड टाकला. एवढ्यावर निभावलं. ट्रॅक्टर मागं उलथायला फार वेळ लागत नाही, आणि बसलेल्या माणसाला उडी मारायला सवड मिळत नाही.

मामांचं म्हणणं, "ऊस वढायचा म्हणजे ह्ये हुतंयच." अण्णांचं म्हणणं, ४५ अश्वशक्तीचा जुना झाला, पुढच्या वर्षी ५५ चा बघू. मला दोन्ही पटलं नाही, कारण आज कपाटातल्या काट्याच्या पावत्या काढल्या. त्या खेपेला ऊस होता ८ टन २४० किलो. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली, तोच चढ, आणि ऊस ८ टन ४००. त्या दिवशी काही झालं नाही. जास्त वजन वर गेलं आणि कमी वजनाला तोंड उचललं.

रात्री आजोबांची आठवण झाली. बैलगाडी भरून झाली की बैल जुंपण्याआधी ते जू हातानं उचलून बघायचे. जू आपोआप वर यायला लागलं की म्हणायचे, "उलाळ झालीया, मागची दोन पोती म्होरं घ्या." उलाळ गाडीत जोतं बैलाच्या गळ्याला फास लावतं आणि पुढं जड झालेली गाडी मानेवर बसते. ट्रॅक्टरला मान दुखल्याचं सांगता येत नाही, म्हणून ट्रॉली भरल्यावर जू उचलून बघायची पद्धत आमच्या पिढीत बंद पडली. कारखान्याच्या काट्यावर टन मोजतात ते पैशासाठी. हुकावर किती वजन बसलंय हे कुणीच मोजत नाही.

हंगामाला दोन महिने आहेत. तेवढ्यात ते मोजायची सोय करायची.

२२ सप्टेंबर

टेप घेऊन मापं घेतली.

ट्रॅक्टर : पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यात अंतर २ मीटर. मागच्या चाकाच्या मध्यापासून हुक ७५ सेंमी मागं. हुकाची जमिनीपासून उंची ६२ सेंमी. ही उंची मूळची नाही. चार वर्षांपूर्वी शेतातल्या बांधाला हुक घासतो म्हणून आम्हीच प्लेट उलटी करून वर घेतला होता. तेव्हा फार हुशारी केली असं वाटलं होतं.

ट्रॉली (दोनचाकी, एकच आस) : हौदा १२ फूट लांब. कानापासून (ट्रॉलीच्या पुढच्या टोकाचं, हुकात अडकणारं कडं) आसापर्यंत ३.५ मीटर. कानापासून हौद्याचा मध्य ३.२ मीटर. म्हणजे आस हौद्याच्या मध्याच्या ३० सेंमी मागं आहे. ज्या कुणी ही ट्रॉली बांधली त्याने हे मुद्दाम केलंय. माल सारखा पसरला तर थोडा भार पुढं हुकावर यावा म्हणून.

हिशेब सोपा आहे, सी-सॉच्या फळीचा. मालाचा मध्य आसाच्या जितका पुढं, त्याला ३.५ ने भागायचं. ३० सेंमी पुढं असेल तर मालाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास वजन हुकावर येतं. पण मालाचा मध्य एक फूट पुढं किंवा मागं सरकला तर सहा टनांच्या ट्रॉलीत हुकावर सव्वापाचशे किलोंचा फरक पडतो. एक फूट! मोळ्या रचताना एक फूट इकडंतिकडं कोण बघतो?

२९ सप्टेंबर

आज खासगी वजनकाट्यावर गेलो. काटेवाल्याला आधी सांगून ठेवलं होतं की एकच वाहन चार वेळा मोजायचंय, आणि प्रत्येक वजनाचे पैसे देतो. तरी त्याने दोनदा विचारलं, "चोरी पकडायचीय का कुणाची?"

पद्धत लिहून ठेवतो, पुन्हा लागेल :

एकटा ट्रॅक्टर, मामांसकट : २१४० किलो.
फक्त पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर : ८०० किलो.
ट्रॉली जोडलेली, पण काट्यावर फक्त ट्रॅक्टर : २२८०. यातून २१४० वजा केले की हुकावरचं वजन. रिकाम्या ट्रॉलीचं १४० किलो.
ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही काट्यावर : ३८६०. म्हणजे रिकामी ट्रॉली १७२०.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि पुढचा-मागचा रस्ता एका पातळीत हवा, नाहीतर आकडा खोटा येतो. या काट्याच्या एका बाजूला चार बोटांचा उतार आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनं चढवून मोजलं. आणि ब्रेक दाबून मोजायचं नाही. ब्रेक लावून उभं राहिलं की ट्रॉली आणि ट्रॅक्टर एकमेकांना ढकलत किंवा ओढत राहतात. गिअर मोकळा, ब्रेक सोडलेला, मामा हाताची घडी घालून बसलेले, अशा स्थितीत वजन घ्यायचं.

हुकावर वजन आलं की ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं. आमच्या मापांवरून हुकावरच्या प्रत्येक १०० किलोंमागं पुढून साडेसदतीस किलो जातात. स्टेअरिंगला पकड राहायची तर ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान २० टक्के पुढच्या चाकांवर हवेत, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. आमच्यासाठी ते ४२८ किलो.

६ ऑक्टोबर

सोसायटीचं खत आणायचं होतं, ही संधी बरी मिळाली. ५० किलोची १०० पोती, म्हणजे बरोबर ५ टन. (युरियाचं पोतं आता ४५ किलोचं असतं, ते यात घेतलं नाही. हिशेब बिघडतो.)

पोती सारखी पसरून काट्यावर गेलो. कागदावर हुकाचं वजन ५७० येत होतं, काट्यावर ५९० आलं. पुढची चाकं ५८०. मी स्वतःवर खूश.

मग १० पोती पुढच्या फळीजवळून उचलून मागच्या फळीजवळ ठेवली. एकूण वजन तेच, पावतीवर फरक शून्य. हुकावर १७०. पाच टनांतली फक्त १० पोती हलवली आणि ४२० किलो उडाले.

अशीच ट्रॉली घेऊन रिकाम्या रस्त्यावर गेलो. १५ च्या वेगापर्यंत काही नाही. २२ च्या आसपास मागून शेपूट हलायला लागलं. मामा मागं न बघताच म्हणाले, "वळवळतीया." हुक हलका झाला की ट्रॉली सरळ मागं येत नाही, हुकाभोवती डुलायला लागते, आणि वेग वाढला की डुलणं वाढतच जातं. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, रेस सोडून हळूहळू वेग उतरवायचा. मामांनी तेच केलं, कुणी न शिकवता.

एक गोष्ट जपून लिहितो. उलाळ झालेल्या भरल्या ट्रॉलीची पिन काढायची नाही. पिन निघाली की साटा (ट्रॉलीचा पुढचा, कान असलेला दांडा) वर उसळतो आणि समोरच्याच्या हनुवटीला लागतो. आधी मागच्या बाजूला टेकू, चाकांना दोन्हीकडून उटी (चाक अडवायचे ठोकळे), मग पिनेला हात.

१२ ऑक्टोबर, दसरा

ट्रॅक्टरला हार, टायरखाली लिंबू. अण्णांनी हुकालाही हळदकुंकू लावलं. माझी टिंगल होती की काय, कळलं नाही.

२० ऑक्टोबर

परतीच्या पावसानं आठवडा खाल्ला. घरात बसून मार्चच्या त्या चढाचा हिशेब केला.

आधी चढ मोजला. पाण्याच्या पाईपची लेव्हल लावून १२ मीटरमध्ये १.२ मीटर उंची. दहाला एक.

चढावर तीन गोष्टी एकाच वेळी होतात. एक, ट्रॉलीचा माल उंच असल्यामुळे त्याचा भार मागं कलतो, हुक थोडा हलका होतो. हे बरं. दोन, ट्रॅक्टर स्वतःच मागं कलतो, पुढून ८० किलोंच्या आसपास जातात. तीन, आणि हेच खरं दुखणं, ओढ. दहा टनांची ट्रॉली दहाला एक चढावर ओढायला साधारण सव्वा टनाचा ताण लागतो. तो ताण हुकाला मागं खेचतो आणि हुक जमिनीपासून जितका उंच, तितका तो ताण पुढची चाकं उचलतो. आमचा हुक ६२ सेंमीवर, म्हणजे एकट्या ओढीनं पुढून ३८६ किलो गेले.

त्या दिवशी ट्रॉली शेतात नाक खाली करून उतारावर उभी होती. ऊसतोड टोळीनं चढायला सोपं म्हणून पुढच्या अंगाला ढीग लावला होता, हे मुकादमाला विचारल्यावर त्याला आठवलं. मध्य अंदाजे ५५ सेंमी पुढं धरला तर हुकावर सपाटीलाच १४०० च्या पुढं. सगळं मांडल्यावर चढावर पुढच्या चाकांवर उरलं वजा ६५ किलो. वजा म्हणजे हवेत.

दुसऱ्या दिवशीच्या ८ टन ४०० ला ऊस सारखा रचला होता. तिथं उत्तर येतं अधिक १४७. खाली टेकलेली होती एवढंच. स्टेअरिंगला त्यात दम नव्हता, पण आम्ही "काही झालं नाही" म्हणून घरी येऊन जेवलो होतो.

अण्णांना कागद दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, "म्हंजे हुक वर घेतला ती चूक?" ती सगळ्यात मोठी. मग म्हणाले, "घासू दे की मग बांधाला."

२६ ऑक्टोबर

दिवसभर फॅब्रिकेशनच्या दुकानात. कामं :

हुकाची प्लेट पुन्हा मूळच्या जागी, उंची ४५ सेंमी. ट्रॉलीचा कानही तेवढाच खाली घ्यावा लागला, नाहीतर हौदा पुढं झुकतो आणि सगळं ओझं पुन्हा हुकावर. कानाची प्लेट उलटी करून बसवली, बोल्ट ८.८ ग्रेडचे. दुकानदार साधे बोल्ट लावत होता, "वेल्डिंग मारतो वर, कुठं जात न्हाई." वेल्डिंग नको म्हटलं.

पिन ३२ मिमीची होती, व्हर्नियर लावला तर मधोमध २८ भरली. कानाचं भोक लांबट झालंय. दोन्ही बदलले. गावात निम्म्या ट्रॉल्यांना पिनेच्या जागी सळईचा तुकडा असतो, आणि त्याला क्लिप म्हणून वाकवलेला खिळा. रिकामी ट्रॉली खड्ड्यात उसळली की तो खिळा आधी पडतो, मग सळई.

दोन साखळ्या, साट्याच्या खालून एकमेकींना छेद देऊन. छेद दिला की पिन तुटली तरी साटा साखळ्यांच्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. लांबी वळणापुरतीच ठेवायची, जमिनीला घासता कामा नये.

पुढच्या बंपरला वजनाचे पाटे, १२० किलो. ते पुढच्या चाकाच्या मध्यापासून ६० सेंमी पुढं बसतात, त्यामुळे चाकांवर १५६ चा जोर येतो. मागच्या टायरात पाणी भरायचं मामांनी सुचवलं. पाण्यानं मागच्या चाकांना पकड येते, चिखलात कामाचं आहे, पण तोंड उचलण्यावर तो उपाय नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

बहिणी यायच्या आधी सकाळी ब्रेकची परीक्षा. खताची पोती अजून सोसायटीच्या गोदामात होती, सेक्रेटरींना विनंती करून तासभर ट्रॉलीत घेतली.

दोन्ही ब्रेकचे पायटे (पेडल) पट्टीनं जोडलेले आहेत का, हे आधी बघितलं. नांगरटीला वळताना एकच ब्रेक लागतो म्हणून पट्टी काढतात आणि रस्त्यावर येताना विसरतात. मागं पाच टन असताना एकच चाक आवळलं तर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं घालते.

रस्त्यावर चुन्यानं रेघ मारली. २० च्या वेगानं येऊन रेघेवर ब्रेक. थांबायला साडेदहा मीटर. हिशेबात पावणेअकरा होतं.

आमच्या ट्रॉलीला ब्रेक नाही. थांबवायचं काम ट्रॅक्टरची मागची दोन चाकंच करतात, आणि ती फक्त स्वतःवर जेवढं वजन आहे त्याच्या जोरावर रस्ता धरतात. साडेसात टनांच्या ट्रॉलीसाठी आकडे काढले, कोरड्या डांबरावर पकड ०.६ धरून :

सपाट रस्ता, २० चा वेग : १२ मीटर. ३० चा वेग : २७ मीटर.
ओढ्याच्या पलीकडचा उतार (बाराला एक), २० चा वेग : ३२ मीटर. ३० चा : ७३ मीटर.

यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंदभर धरलेला नाही. आणि ओल्या चिखलाट रस्त्यावर पकड ०.३५ धरली तर त्या उतारावर उत्तर येतच नाही. उतार जेवढा ओढतो तेवढंही चाकं धरत नाहीत. ब्रेक दाबलेला, चाकं आवळलेली, आणि गाडी खाली चाललेली. पेंड्या, पाचट, कारखान्याच्या वाटेवरचा सांडलेला ऊस चाकांखाली चिरडून झालेला रेंदा, यावर याहून वेगळं होत नाही.

मामांशी ठरलं : चढायला जो गिअर, तोच उतरायला, आणि तो उतार सुरू होण्याआधी टाकायचा. उतारावर गिअर मोकळा सोडून डिझेल वाचवायचं नाही. मामांनी मान हलवली, पण कानाला हात लावला नाही. बघू.

१० नोव्हेंबर

दुसऱ्या ट्रॉलीवरून घरात वाद. आमच्याकडं ट्रॉल्यांची जोडी आहे, गेली तीन वर्षं दोन्ही एकामागं एक जोडतो. एका खेपेत दुप्पट ऊस, एकाच डिझेलात.

कागदावर मांडलं. मागच्या ट्रॉलीचा हुक पुढच्या ट्रॉलीच्या शेपटाला, आसाच्या १.६ मीटर मागं. तिथं ६०० किलो बसले की पुढच्या ट्रॉलीचं नाक पावणेतीनशे किलोंनी वर येतं. पुढची ट्रॉली जरा जरी मागं जड भरली असेल तर उलाळ, आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी. म्हणजे ओढायलाही ताकद नाही आणि थांबवायलाही. ब्रेकचं बघितलं तर एकूण वजन सतरा टनांच्या वर, आणि चाकं तीच दोन. सपाटीला २० च्या वेगात २१ मीटर, आणि तेराला एकपेक्षा तीव्र उतारावर कोरड्या रस्त्यालाही थांबणार नाही. ओढ्याचा उतार बाराला एक आहे.

कायद्याचंही वाचून दाखवलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे आरसीवरच्या वजनापेक्षा जास्त भरून चालवता येत नाही. कलम १९४ चा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि जादा माल तिथंच उतरवायचा खर्च आपला. आमच्या ट्रॉलीच्या आरसीवर एकूण वजन ७५०० आहे. म्हणजे ऊस ५ टन ७८० किलो. आम्ही आठ भरत होतो.

अण्णा दंडाला घाबरले नाहीत. "आजवर कुणी पकडलंय?" पण २१ मीटरचा आकडा त्यांनी परत विचारला, आणि अंगणात पावलं टाकून बघितलं. तुळशीपासून निघाले आणि रस्ता ओलांडून समोरच्या गोठ्यात पोचले.

ठरलं : हवेचा ब्रेक बसवेपर्यंत दुसरी ट्रॉली ओढ्यापलीकडं न्यायची नाही. अलीकडच्या सपाट शिवारात खत-माती ओढायला वापरायची. त्या ब्रेकचे भाव काढतोय.

१७ नोव्हेंबर

गाळप सुरू करायची सरकारी तारीख १५ होती, पण २० ला विधानसभेचं मतदान, त्यामुळे टोळ्या येऊन बसल्यात आणि कोयते अजून थंड आहेत. या रिकाम्या वेळात या सगळ्या खटाटोपातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट केली.

दर खेपेला काट्यावर जाऊन चार वजनं घेणं शक्य नाही. पण खताच्या पोत्यांच्या वेळी एक लक्षात आलं होतं : हुकावर वजन आलं की मागचे टायर दबतात आणि हुक खाली जातो. रिकाम्या ट्रॅक्टरचा हुक ४५ सेंमीवर, ५९० किलो आले की ४३. दोन सेंमी. १७० किलोंना जेमतेम अर्धा.

आज सोसायटीची पोती तिसऱ्यांदा उचलली (सेक्रेटरी आता नमस्कारही घेत नाहीत) आणि वेगवेगळ्या वजनांना हुकाची उंची मोजून सागवानी पट्टीवर खुणा केल्या. हुकाच्या खाली उभी धरायची. एक सेंमीपेक्षा कमी दबला तर वरचा लाल : उलाळ, माल पुढं घ्या. दीड ते सव्वादोन हिरवा. अडीचच्या पुढं खालचा लाल : पुढं जड. पट्टी शंभर किलोंपर्यंत चुकते, पण आपला प्रश्न पाचशे-हजारांचा आहे. जागा सपाट आणि घट्ट हवी, आणि टायरात हवा तेवढीच हवी. हवा दोन-तीन पौंडांनी उतरली तरी पट्टी खोटं बोलते, म्हणून दर सोमवारी गेज लावायचा.

ट्रॉलीच्या हौद्याच्या आत, आसाच्या बरोबर वर, पांढरा पट्टा मारला. मुकादमाला सांगितलं, पट्ट्याच्या पुढं आणि मागं सारखी भर, मग शेवटच्या वीस-पंचवीस मोळ्या पट्टी बघून पुढं का मागं ते ठरवू. त्याने पट्टीकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं.

२५ नोव्हेंबर

पहिली खेप. को-२६५ जातीचा ऊस, जाड. धान्याच्या काट्यावर दहा मोळ्या मोजल्या, १४ पासून २१ पर्यंत, सरासरी १७. म्हणून ३३५ मोळ्या ठरल्या. मुकादम म्हणाला, गेल्या वर्षी पावणेपाचशे भरत होतो, टोळीला अर्ध्या दिवसात रिकामं बसवताय. तेही खरं आहे. खेपा वाढणार, डिझेल वाढणार, मामांचे तास वाढणार. मामांना आता खेपेवर नाही, दिवसावर पैसे, हे अण्णांनी आधीच कबूल केलंय. खेपेवर पैसे ठेवून वेग कमी ठेवा म्हणण्यात अर्थ नव्हता.

भरून झाल्यावर ट्रॉली पाणंदीतून पक्क्या रस्त्यावर आणली. पट्टी लावली : तीन सेंमी. खालचा लाल. पांढरा पट्टा मारूनही पुढं जड! शेतात ट्रॉली पुन्हा नाक खाली करूनच उभी होती. ३० मोळ्या पुढून काढून मागं टाकायला लावल्या. दोन सेंमीवर आली. टोळीतली एक बाई म्हणाली, "साखर काय गोड हुनार हाय का यानं?"

ओढ्याच्या चढावर मी चालत पुढं होतो, पुढच्या चाकांकडं बघत. टायर दबलेलाच राहिला. मामांनी मध्यावर मुद्दाम स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं हलवून दाखवलं. फिरत होतं.

काट्याची पावती : ऊस ५ टन ९४०. ठरल्यापेक्षा १६० जास्त. उद्यापासून ३२५ मोळ्या.

५ डिसेंबर

दोन दिवस ढगाळ, काल संध्याकाळी शिंतोडा. सकाळी रस्ता ओला, उतारावर पाचटाचा रेंदा. मामा ओढ्याच्या अलीकडं ट्रॉली लावून चहाला बसले. मागं सहा ट्रॅक्टर थांबले, दोघातिघांनी हॉर्न वाजवले, एकाच्या स्पीकरवरचं गाणं इतकं मोठं होतं की त्याला स्वतःचाच हॉर्न ऐकू येत नसणार. ऊन पडल्यावर साडेदहाला निघाले. कारखान्यावर नंबर मागं गेला, गव्हाणीवर (कारखान्यात ऊस टाकतात तिथं) रात्री अकराला खाली झालं, वाळलेल्या उसाचं वजन थोडं घटलं. अण्णा काही बोलले नाहीत.

१५ डिसेंबर

एकवीस खेपा. सरासरी ५ टन ७१० किलो. पट्टी हरवली होती, ती टोळीतल्या पोरांच्या विटीदांडूत सापडली, हिरवा रंग निम्मा उडालेला. परत रंगवली. मुकादम आता ट्रॉली शेतात लावतानाच मामांना ओरडून नाक वर करायला लावतो, कारण नंतर मोळ्या उचलून ठेवायचं काम त्याच्याच माणसांना पडतं.

पुढच्या टायरांची झीज सारखी आहे. नव्या पिनेला खूण नाही. डाव्या साखळीची एक कडी घासलेली दिसली, वळणावर जमिनीला लागते बहुतेक, एक कडी कमी केली. हवेच्या ब्रेकचं एकच कोटेशन आलंय, आणि ते बघून अण्णांनी पुन्हा ५५ अश्वशक्तीचा विषय काढला.

संध्याकाळी वरच्या आळीतला एक ट्रॅक्टरवाला आला. त्याची ट्रॉली परवा ३० च्या वेगात शेपूट हलवायला लागली होती. म्हणाला, "तुमची पट्टी द्या की चार दिवस." सांगितलं, ती आमच्याच टायरांना आणि आमच्याच हुकाला चालते, तुझ्या ट्रॅक्टरवर ती नुसती फळी आहे. तुझी वेगळी करावी लागेल, एकदा काट्यावर जाऊन. तो म्हणाला, पोती कुठून आणू? उद्या सकाळी सातला त्याला सोसायटीत बोलावलंय. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही.